रात्रीचे दूध आणि दिवसाचे ताट

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली की चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील खेड्यांचा दिवस पहाटेपूर्वीच सुरू होतो. ऊन चढण्यापूर्वी फुले वेचावयाची असतात. त्यापाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. पाने तोडणे, घरी आणून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधणे आणि ती संकलन केंद्रावर पोहोचविणे, यात घरातील सर्व माणसांचा दिवस जातो. मृग नक्षत्र लागले की धानाच्या बांध्या माणसांची वाट पाहू लागतात आणि रोवणीच्या दिवसांत स्त्रियांचे हात सर्वाधिक गुंतलेले असतात. या काळात वर्ष-दीड वर्षाचे मूल दिवसभर आजीजवळ किंवा आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. सायंकाळी आई परतली की ते तिला बिलगते आणि पहाटेपर्यंत अंगावरचे दूध सोडीत नाही. आईचा दिवस कष्टात जातो आणि रात्र जागरणात. मग एके दिवशी घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "आता याचे दूध तोडून टाक."

हा सल्ला आईच्या काळजीपोटीच दिला जातो. परंतु दूध केव्हा, कसे आणि कशाच्या भरवशावर तोडावयाचे, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या बालकाचे पुढील काही महिन्यांचे आरोग्य, प्रसंगी त्याचे जीवितही, अवलंबून असते. म्हणूनच हा विषय केवळ माजघरातला न राहता अंगणवाडी, शाळा आणि ग्रामपंचायत यांच्याही विचाराचा ठरतो.

रात्रीच्या दुधाचे महत्त्व

जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान, सहा महिने पूर्ण होईपर्यंत निव्वळ आईचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस असून आपल्या देशाच्या आरोग्य कार्यक्रमांनीही तीच स्वीकारली आहे. यात दिवस आणि रात्र असा भेद केलेला नाही. दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण रात्री अधिक असते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत रात्रीचे पाजणे हेच दूध टिकवून धरण्याचे मुख्य साधन असते. लहान बाळाचे पोटही लहान असल्याने त्याला थोड्या थोड्या वेळाने भूक लागते. म्हणून पहिल्या वर्षात रात्रीचे दूध तोडण्याचा विचारही करू नये.

एक वर्षानंतर परिस्थिती हळूहळू पालटते. सहा ते बारा महिन्यांच्या वयात बालकाच्या उर्जेच्या गरजेपैकी निम्मा किंवा त्याहून अधिक भाग आईच्या दुधातून भागू शकतो. बारा ते चोवीस महिन्यांच्या वयात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश इतके राहते. म्हणजेच वर्षभराच्या बालकाला दुधाव्यतिरिक्त रोज सुमारे ५५० कॅलरी अन्नातून मिळणे आवश्यक असते. शिवाय आईच्या दुधातील लोह सहज पचत असले तरी त्याचे प्रमाण अल्प असते आणि जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारणतः सहा महिन्यांपर्यंतच पुरतो. यापुढील वाढीचा भार ताटातील अन्नालाच उचलावा लागतो.

मूल रात्री का उठते?

दीड वर्षाचे मूल रात्री चार-पाच वेळा उठून पिते, यामागे एकच कारण नसते. दिवसभर पुरेसे खावयास न मिळालेले मूल रात्री भुकेपोटी उठते. दिवसभर आईपासून दूर राहिलेले मूल तिच्या सहवासासाठी उठते. तहान, उकाडा, डासांचा उपद्रव, चोंदलेले नाक ही कारणेही तितकीच खरी आहेत. काही मुलांना मात्र दूध तोंडात असल्याशिवाय झोप न लागण्याची सवयच जडलेली असते. कारण न ओळखता दूध बंद केले तर भुकेलेले मूल भुकेलेच राहते. फरक इतकाच की, त्याचा हक्काचा एक तृतीयांश आहारही हिरावला जातो. रात्रीचे दूध तोडण्याची सुरुवात रात्री नव्हे, तर दिवसाच्या ताटापासून करावयाची असते, ती याचसाठी.

ताटात काय असावे?

या भागाचे मुख्य अन्न भात. बाळाला बहुधा भाताची पातळ पेज किंवा वरणाचे वरचे पाणी दिले जाते. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पण शरीराला फारसे काही मिळत नाही. बालकाचे अन्न चमच्यावरून ओघळणारे नव्हे, तर चमच्यावर टिकणारे असावे. मऊ शिजवलेला भात आणि घट्ट वरण कुसकरून त्यात चमचाभर तेल घातले तर सुमारे ४५ कॅलरींची भर पडते आणि खर्च नगण्य असतो. मूग, बरबटी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, अंडे, काटे काढलेले नदीनाल्यातील मासे हे पदार्थ या दोन जिल्ह्यांत परके नाहीत. घरच्या माणसांच्या ताटात ते असतातही. बाळाच्या वाटीपर्यंत मात्र ते उशिरा पोहोचतात.

नऊ ते अकरा महिन्यांच्या बालकाला एका वेळी अर्धी वाटी आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, असे दिवसातून तीन ते चार वेळा, मधल्या एक-दोन लहान खाण्यांसह अन्न द्यावे. येथे वाटी म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर मापाची समजावी. आई कामावर असताना हे भरविण्याची जबाबदारी कोणाची, हे घरात आधीच ठरलेले असावे. आठ वर्षांच्या बहिणीवर ती टाकून निश्चिंत होता येत नाही.

क्रमाक्रमाने सोडवण

मूल वर्षाहून मोठे, अंगाने धडधाकट, वजनात नियमित वाढ असलेले आणि दिवसा नीट जेवणारे असेल, तरच रात्रीचे पाजणे कमी करण्यास हरकत नाही. तसे करणे सक्तीचे मुळीच नाही. आईला त्रास नसेल तर ते चालू राहू द्यावे. कमी करावयाचेच असेल, तर पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

आई कामावरून परतताच प्रथम बाळाला मनसोक्त पाजावे व जवळ घ्यावे. दिवसभराची ओढ तेथेच शमते. निजण्यापूर्वी घट्ट अन्नाचे जेवण आणि त्यानंतर शेवटचे पाजणे, असा नेम ठेवावा. दात आलेले असल्यास ते ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावेत. मध्यरात्री मूल उठल्यास वडिलांनी किंवा आजीने त्याला थोपटावे, स्वच्छ पाणी वाटीने पाजावे. जेथे शक्य असेल तेथे काही रात्री मुलाची निजण्याची जागा आजीकडे करावी. एका वेळी रात्रीचे एकच पाजणे कमी करावे, चार-सहा दिवस जाऊ द्यावेत आणि मग दुसऱ्याकडे वळावे. पहाटेचे व दिवसाचे पाजणे चालूच ठेवावे. स्तन भरून येऊन ठणकू लागल्यास थोडे दूध हाताने काढून टाकावे. स्तन लाल होऊन ताप आल्यास आरोग्य केंद्रात दाखवावे. दूध साचू देऊ नये.

काही गोष्टी कटाक्षाने टाळावयास हव्यात. स्तनांना कडू किंवा तिखट पदार्थ लावून मुलाला भेवडावणे, त्याला एकाएकी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवणे, झोपेसाठी गुंगीचे द्रव्य देणे किंवा दुधाची बाटली तोंडात देणे हे सर्व मार्ग घातक आहेत. बाटलीच्या दुधाचा धोका ओळखूनच १९९२ मध्ये अर्भक दुग्धपर्याय, दूधबाटल्या व अर्भक आहार यांच्या प्रचाराला प्रतिबंध करणारा कायदा केंद्र शासनाने केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला.

मुलाला जुलाब, गोवर, हिवताप किंवा न्यूमोनिया झालेला असताना दूध कधीही तोडू नये. आजारी मूल अन्न नाकारते, पण आईचे दूध सहसा नाकारीत नाही. वजन कमी असलेल्या मुलाच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो. पावसाळ्याचे दिवस, म्हणजे जुलाब व हिवतापाचे दिवस, या कामासाठी निवडू नयेत. याच दिवसांत रोवणीमुळे आई सर्वाधिक काळ घराबाहेर असते आणि अनेक घरांत कोठीतले धान्यही सरत आलेले असते. तिन्ही संकटे एकत्र आल्यावर दुधाचा आधारही काढून घेतला तर मुलाने तग कशावर धरावा?

पुन्हा दिवस गेले तर?

दुसऱ्यांदा दिवस गेले की पहिल्या मुलाचे दूध तत्काळ तोडण्याची प्रथा जगभर आढळते. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, अंगावर सूज येऊन खंगणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि १९३५ मध्ये या विकाराचे 'क्वाशिऑरकॉर' हे नाव वैद्यकजगतापुढे मांडले. स्थानिक गा भाषेतील या शब्दाचा आशय 'नवे बाळ आल्यामुळे बाजूला पडलेल्या मुलाचा आजार' असा आहे. वैद्यकशास्त्राच्या आधी लोकभाषेनेच रोगाचे कारण ओळखले होते. नेहमीच्या निरोगी गरोदरपणात पाजणे चालू ठेवण्यास सहसा अडचण नसते. मात्र आईला अधिक आहार व आरोग्य सेविकेचा सल्ला आवश्यक असतो. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर राखणे हा तर त्यावरील मूळ उपाय होय.

गावाची जबाबदारी

बालमृत्यू रोखण्याचे काम गावातच होऊ शकते, हे देशाला गडचिरोली जिल्ह्यानेच दाखवून दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाली. पुढे ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमानुसार आशा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत बालकाच्या घरी भेट देते. दूध तोडण्याचा प्रसंग मात्र बहुधा या भेटी संपल्यावर येतो. ही उणीव अंगणवाडीने आणि गावानेच भरून काढावयाची आहे.

महाराष्ट्र शासनाच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली अनुसूचित क्षेत्रातील सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी असतो. तो घरातील सर्वांत वाटला जाऊ नये, हे सेविकेने समजावून सांगावे. रोजगार हमीच्या कामांवर मुलांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक होत असे. तेंदू संकलनाच्या व रोवणीच्या दिवसांतही ग्रामसभेने अशी सोय ठरविण्यास काहीच हरकत नाही. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीत आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांसाठी वाटा राखलेला आहे, हेही सदस्यांनी ध्यानी घ्यावे.

शिक्षकांचा वाटा आणखी निराळा आहे. हंगामात शाळेतून गैरहजर राहणारी मुलगी पुष्कळदा धाकट्या भावंडाला सांभाळीत घरी बसलेली असते. तिची गैरहजेरी आणि त्या बालकाची भूक ही एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत. माडिया, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी अशा ज्या भाषेत घर बोलते, त्याच भाषेत हा विषय मांडला गेला तर आजीलाही तो पटतो. आणि आजीला पटले की घराला पटते.

दिवसा तीन-चार वेळा भरलेली वाटी, आजारपणात न तुटणारे दूध आणि रात्री थोपटणारा दुसरा हात, एवढे लाभले तर मूल रात्रीचे पाजणे आपणहून सोडते. आईलाही मग अखंड झोप मिळते. पहाटे मोहाखाली वाकणाऱ्या त्या माउलीला तिचीही तितकीच गरज असते.