उन्हाळ्यात मज्जातंतू का थकतात?

उन्हाळा सर्वांनाच तापदायक असतो. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात 'एमएस' या मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकाराने ग्रासलेल्यांना तो निराळ्याच तऱ्हेने छळतो. सकाळी घरातल्या घरात बऱ्यापैकी वावरणारी व्यक्ती दुपारी दोनच्या सुमारास उठून उभीही राहू शकत नाही. पाय जड होतात, दृष्टी धूसर होते, जीभ अडखळते. सायंकाळी हवा निवली की तीच व्यक्ती पुन्हा पूर्ववत होते. घरच्या मंडळींना हा आळस वा ढोंग वाटते, तर रुग्णाला आजार बळावल्याची धास्ती वाटते. हे दोन्ही तर्क बहुधा चुकीचे असतात.

या घटनेला वैद्यकशास्त्रात 'उथॉफ परिणाम' म्हणतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्ये काही रुग्णांची दृष्टी शारीरिक श्रमानंतर तात्पुरती मंदावते, असे नोंदवले. यामागे श्रम नसून शरीराचे वाढलेले तापमान आहे, हे पुढे स्पष्ट झाले. एमआरआय तपासणी येण्यापूर्वी तर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे उमटतात का, हे पाहिले जाई. ही पद्धत आता मागे पडली आहे.

कारण समजण्यास अवघड नाही. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या आवरणावरच हल्ला करते. वेष्टन विरलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पुढे सरकतो. शरीराचे तापमान वाढले की संदेश वाहून नेणारी सोडियमची सूक्ष्म द्वारे लवकर मिटतात आणि संदेश वाटेतच विरतो. त्यासाठी तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी पुरते. येथे नवी इजा झालेली नसते. जुन्या इजेचे स्वरूप तेवढ्यापुरते उघडे पडते. म्हणूनच शरीर थंड झाले की लक्षणे ओसरतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील कबनूरसारख्या गावात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. हातकणंगले तालुक्यातील हे गाव इचलकरंजीला लागूनच आहे. इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि पुढे मागांचा खडखडाट आसपासच्या गावांतही पसरला. पत्र्याच्या छपराखालील मागखान्यात यंत्रांची उष्णता असतेच. शिवाय कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून दमटपणाही हवासा असतो. सुताला मानवणारी ही हवा एमएसच्या रुग्णाला मात्र मानवत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. पत्र्याच्या घरात दुपार काढणाऱ्या गृहिणीची स्थितीही फारशी वेगळी नसते.

उपाय साधे आहेत. बाहेरची कामे आणि व्यायाम सकाळी लवकर उरकावेत. व्यायामापूर्वी गार पाण्याने स्नान केल्यास श्रम अधिक वेळ सोसवतात. ओला पंचा मानेभोवती गुंडाळून पंख्याखाली बसणे, हातपाय गार पाण्यात बुडवून ठेवणे, सैल सुती कपडे वापरणे यांचाही चांगला उपयोग होतो. हवा अंगाहून अधिक तापलेली असेल, तर कोरड्या अंगावर पंख्याचा फारसा लाभ होत नाही. म्हणून अंग ओले ठेवावे. कूलर कोरड्या हवेत उपयोगी, पण बंद खोलीत तो दमटपणा वाढवतो. खिडकी उघडी असावी. छपराला पांढरा रंग दिल्यास खोलीचा ताप कमी होतो. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये; संवेदना बधिर असल्यास इजा झालेली कळत नाही. स्नानाचे पाणी कडकडीत नसावे. फार गार पाण्याने काहींचे स्नायू आखडतात, हेही ध्यानात असावे.

पाण्याबाबत एक सवय घातक आहे. एमएसमध्ये लघवीवरचा ताबा कमी होत असल्याने अनेक जण पाणी पिणेच टाळतात. त्यामुळे शरीरातील पाणी घटते आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते. संसर्गातून ताप येतो आणि तापाने पुन्हा तीच लक्षणे उमटतात. माठातले पाणी, ताक, कोकम सरबत थोडे थोडे घेत राहावे. लघवीच्या त्रासावर दिली जाणारी काही औषधे घाम कमी करतात. कंपवातावरील काही औषधांचाही असाच परिणाम होतो. मात्र औषध स्वतःहून बंद न करता उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

प्रत्येक त्रास उन्हाच्या माथी मारणेही तितकेच धोक्याचे आहे. गारव्यात विसावा घेऊनही लक्षणे टिकून राहिली, किंवा पूर्वी कधीच नसलेले लक्षण चोवीस तासांहून अधिक काळ राहिले, तर तो आजाराचा नवा झटका असू शकतो. मज्जाविकारतज्ज्ञांना त्वरित दाखवावे. ताप किंवा लघवीची जळजळ असेल, तर आधी संसर्गाची तपासणी करावी. अंग भाजल्यासारखे तापले असून रुग्ण असंबद्ध बोलू लागला वा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतत 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये एमएस आणि कंपवात यांचा दिव्यांगत्वाच्या प्रकारांत समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी शासकीय रुग्णालयात तपासणी होते. मात्र कामाची पाळी सकाळची मिळणे, खिडकीजवळची जागा मिळणे, दुपारी तासभर विसावा मिळणे या गोष्टी बहुधा मालकाच्या आणि घरच्यांच्या समजूतदारपणावरच अवलंबून असतात. रुग्णाचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, तरी तो खरा असतो. हे घरातील एकाने जरी ओळखले, तरी उन्हाळ्याचे चार महिने रुग्णाला बरेच सुसह्य होतील.