शेवटच्या घंटेनंतरचा माणूस

१९९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका दाव्याच्या निमित्तानं फ्लॉइड पॅटरसनची शपथेवर जबानी झाली. पॅटरसन तेव्हा न्यूयॉर्क राज्याच्या ॲथलेटिक कमिशनचा अध्यक्ष होता. राज्यात कोणाला लढू द्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारी ती संस्था. जबानीत एक साधा प्रश्न आला: तुम्ही जगज्जेते झालात तेव्हा कोणाला हरवलं होतं? पॅटरसनला नाव आठवेना. ३० नोव्हेंबर १९५६ रोजी शिकागोत त्यानं पाचव्या फेरीत आर्ची मूरला आडवं केलं होतं आणि एकविसाव्या वर्षी तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला होता. तोवर इतक्या कमी वयात तिथं कोणीच पोचलं नव्हतं. बॉक्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात सापडणारी ही गोष्ट ज्याच्या आयुष्यात घडली, त्याच्यापाशी मात्र उरली नव्हती. लवकरच त्यानं अध्यक्षपद सोडलं.

निवृत्त बॉक्सरचं चरित्र लिहू पाहणाऱ्याची अडचण इथं उघडी पडते. म्हातारपणी विसर कोणालाही पडतो, नटाला पडतो तसा पुढाऱ्यालाही. पण बॉक्सरला ज्या लढतींबद्दल विचारायचं, त्याच लढतींनी उत्तर देणारा मेंदू झिजवलेला असतो. म्हणून मला ठामपणे वाटतं, की या चरित्राचं संशोधन शेवटच्या घंटेनंतरच्या वर्षांपासून सुरू व्हावं आणि तिथून मागे जावं. बहुतेक चरित्रं उलट्या दिशेनं चालतात. गरिबी, पहिले ग्लोव्हज, पट्टा, पराभव आणि मग राहिलेलं आयुष्य एका प्रकरणात आटोपतं. पॅटरसन शेवटचा लढला १९७२ साली आणि वारला २००६ साली. चौतीस वर्षं एका प्रकरणात कशी मावणार?

कागदांचं काम तसं सोपं दिसतं, कारण बॉक्सिंग हा नोंदींवर पोसलेला खेळ आहे. नॅट फ्लायशरच्या ‘द रिंग’ मासिकानं १९२२ पासून लढती टिपल्या. आता ‘बॉक्सरेक’ या संकेतस्थळावर जगभरातल्या बॉक्सरांच्या लढतींचे तक्ते मिळतात. पण तक्त्याला किती मानायचं ते काळ पाहून ठरवावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ च्या दरम्यान कायद्यानं पंचांना गुणांवर निकाल देता येत नसे. नॉकआउट झाला नाही, तर कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी वार्ताहर आपापल्या मतानं छापत. दोन वर्तमानपत्रांत दोन विजेते! शिवाय सराव कुठल्याच तक्त्यात येत नाही. जिममध्ये वर्षानुवर्षं खाल्लेले ठोसे कुठं लिहिलेले नसतात.

हेवीवेट जगज्जेता सनी लिस्टनच्या बाबतीत तर जन्मापासूनच कागद गप्प आहेत. आर्कान्सामधल्या गरीब शेतमजुराच्या घरातला हा मुलगा; जन्माची नोंद नाही. १९४० च्या जनगणनेत त्याचं वय दहा लिहिलं आहे, तो स्वतः १९३२ साल सांगायचा. त्याच्याविषयीचे भक्कम कागद पोलिसांचे आणि मिसुरीच्या तुरुंगाचे. बॉक्सिंगही तो तुरुंगातच शिकला. मृत्यूचंही तेच. ५ जानेवारी १९७१ रोजी बायको लास व्हेगासच्या घरी परतली तेव्हा तो मरून पडलेला होता. मृत्यूची तारीख अंदाजानं ३० डिसेंबर ठरवली गेली. निक तोशेसनं २००० साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याला माफिया, पोलीस आणि तुरुंग यांच्या कागदांतून वाट काढावी लागली. असे कागद माणसाला फक्त गुन्ह्याच्या वेळी पाहतात. त्यांच्यावरच विसंबलं, तर चरित्राचं आरोपपत्र होतं.

मग बॉक्सरनं स्वतः सांगितलेलं? १९७५ साली मुहम्मद अलीचं आत्मचरित्र आलं. शब्दांकन रिचर्ड डरहॅमचं, संपादन टोनी मॉरिसनचं. रोम ऑलिम्पिकचं सुवर्णपदक आपण लुईव्हिलला ओहायो नदीत फेकलं, हा त्यातला प्रसंग जगभर गेला. पुढे अलीनंच पदक हरवल्याचं सांगितलं. जेक लामोटा मात्र १९६० साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे शपथेवर बोलला, की १९४७ साली बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण मुद्दाम हरलो. जगज्जेतेपदाची संधी मिळावी म्हणून. ती संधी त्याला १९४९ साली मिळाली आणि तो जिंकलाही. बॉक्सरच्या शब्दाला वजन येतं ते असं, जेव्हा बोलण्यात त्याचं नुकसान असतं.

अलीवर इतकं लिहिलं गेलं आहे, की संशोधनाच्या साऱ्या पद्धती त्याच्या एकट्याच्या चरित्रांत पाहायला मिळतात. रिंगमधली त्याची व्यावसायिक कारकीर्द १९६० ते १९८१, निवृत्तीनंतरचं आयुष्य २०१६ पर्यंत. म्हणजे निवृत्तीच लांब. टॉमस हाउझरनं १९९१ सालच्या चरित्रात स्वतःचा आवाज मागे ठेवला आणि अलीच्या भोवतीच्या माणसांना एकामागून एक बोलू दिलं. कोपऱ्यातली माणसं, प्रतिस्पर्धी, बायका, डॉक्टर. अलीच्या संमतीनं त्याचे वैद्यकीय कागदही त्यानं मिळवले. त्या पुस्तकाचं मोल मला इथं वाटतं.

त्यातले दोन कागद जवळून पाहण्यासारखे आहेत. सप्टेंबर १९७७ मध्ये अली अर्नी शेव्हर्सशी पंधरा फेऱ्या लढला आणि जिंकला. त्यानंतरच्या तपासणीत त्याची मूत्रपिंडं बिघडत असल्याचं निघालं. त्याच्या कोपऱ्यातला डॉक्टर फर्डी पचेको यानं तो अहवाल अलीला, त्याच्या बायकोला आणि व्यवस्थापकाला पाठवला. कोणाचंच उत्तर आलं नाही, आणि पचेको बाहेर पडला. दुसरा कागद मेयो क्लिनिकचा, १९८० च्या उन्हाळ्यातला. डोळे मिटून बोट नाकाला लावणं, एका पायावर उड्या मारणं अशा साध्या परीक्षा घेतल्या होत्या. बोट किंचित चुकत होतं, उडीत अपेक्षित चपळाई नव्हती, बोलताना शब्द घरंगळत होते. तरीही नेवाडाच्या कमिशननं परवाना दिला. २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सनं त्याला दहा फेऱ्या बदडलं, तेव्हा अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं लढत थांबवली. होम्स एके काळी अलीच्याच तळावर त्याच्याबरोबर सराव करणारा पोरगा. त्या रात्रीबद्दल त्याच्याइतका जाणता साक्षीदार दुसरा नाही; अलीचा हात कधी जड झाला, हे त्याला शरीरानंच कळलेलं. प्रतिस्पर्ध्याला शोधून काढणं हे या चरित्रातलं पहिल्या प्रतीचं काम आहे.

जोनाथन आयगनं २०१७ च्या चरित्रासाठी आणखी एक वाट धरली. जुन्या चित्रफिती पाहून ठोसे मोजून घेतले, सरावातल्या ठोशांचा अंदाज केला आणि कारकिर्दीभरात अलीनं सुमारे २ लाख ठोसे झेलले असावेत असा आकडा मांडला. त्यातला सरावाचा भाग अंदाजच आहे, हे वाचताना विसरू नये. त्याच सुमारास ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीच्या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती घेऊन त्याच्या बोलण्याचा वेग मोजला. १९६८ ते १९८१ या काळात तो २६ टक्क्यांनी उतरला होता. पार्किन्सन्सचं निदान झालं १९८४ साली. म्हणजे सगळं जग ज्याची बडबड ऐकत होतं, त्याचा आवाज आधीच सांगत होता. चरित्रकाराला इथं जुन्या मुलाखती आशयासाठी तर ऐकाव्या लागतातच, पण जिभेसाठीही ऐकाव्या लागतात.

आणि डॉक्टरांनी हे काम फार आधी सुरू केलेलं आहे. हॅरिसन मार्टलंडनं १९२८ साली बॉक्सरांच्या ‘पंच ड्रंक’ अवस्थेवर निबंध लिहिला. ब्रिटनमध्ये ए. एच. रॉबर्ट्सनं जुन्या नोंदणीवहीतून व्यावसायिक बॉक्सर निवडून २२४ जणांना तपासलं आणि ३७ जणांच्या मेंदूला इजा असल्याचं १९६९ साली मांडलं. १९७३ साली कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा निवृत्त बॉक्सरांचे मेंदू अभ्यासले, आणि त्यांच्या नातेवाइकांना गाठून हा माणूस घरात कसा वागायचा तेही विचारलं. कधीपासून पाय ओढत चालू लागला, कधीपासून पिऊन आल्यासारखा बोलू लागला. ते पंधरा माणसांचं चरित्रच आहे, फक्त नावांशिवाय.

एमिल ग्रिफिथवर लिहिताना याहून कठीण प्रश्न समोर येतो. २४ मार्च १९६२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं बेनी परेटला बाराव्या फेरीत दोरांवर रेटून मारलं. दहा दिवसांनी परेट गेला. वजनाच्या वेळी परेटनं ग्रिफिथला समलैंगिकतेवरून हिणवलं होतं, आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांनी ते झाकून लिहिलं. नुसती ती रात्र पाहिली, तर सूड दिसतो. थोडं मागे गेलं, तर दिसतं की डिसेंबर १९६१ मध्येच जीन फुलमरनं परेटला बेदम मारलं होतं, आणि साडेतीन महिन्यांत त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरवलं गेलं. ते कोणी उतरवलं, हा प्रश्न ग्रिफिथच्या मुठीइतकाच महत्त्वाचा. २००५ च्या ‘रिंग ऑफ फायर’ या माहितीपटात वयस्क ग्रिफिथ परेटच्या मुलाला भेटतो. ग्रिफिथ पुढे स्मृतिभ्रंशातच २०१३ साली वारला. ज्याचं भान विझत चाललं आहे, त्याच्याकडून त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख किती वेळा वदवून घ्यायचं? माझं उत्तर आहे, एकदाही नाही, जर ते दुसरीकडून कळत असेल तर.

आपल्याकडे याची सुरुवात जवळजवळ व्हायचीच आहे. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. ते ऑगस्ट २००० मध्ये गेले. त्याच महिन्यातला द्रोणाचार्य पुरस्कार त्यांच्या पत्नीनं घेतला. कौर सिंग यांनी १९८२ चं आशियाई सुवर्ण मिळवलं, त्याआधी १९८० च्या जानेवारीत दिल्लीत ते अलीसमोर चार फेऱ्यांच्या प्रदर्शनीय लढतीत उभे राहिले. २०२३ साली तेही गेले. दोघेही लष्करातले. आपले मुरलीकांत पेटकरही लष्करातलेच, सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमधलं त्यांचं पोहण्याचं सुवर्ण आता सिनेमामुळे घराघरांत माहीत आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागण्याआधी ते बॉक्सर होते, हे मात्र दोन वाक्यांत उरकलं जातं. भारतीय बॉक्सरचं चरित्र लिहायचं, तर लष्करी क्रीडास्पर्धांच्या निकालवह्या, पलटणीतले सोबती आणि इस्पितळाचे केसपेपर एकत्र यायला हवेत. त्यातल्या वह्या थांबतील. सोबती थांबणार नाहीत. हरियाणातल्या भिवानीत हवा सिंगांच्या हाताखाली शिकलेली मुलं आज स्वतः प्रशिक्षक म्हणून निवृत्त होत आहेत. त्यांच्याकडे जाताना आधी घरच्या बाईशी बोलावं: ते रात्री झोपतात का, चहाचा कप कोणत्या हातानं धरतात, आणि ते तसं कधीपासून धरू लागले.