बाप्तिस्म्याची घाई नेमकी कुणाला?

कुणी ख्रिस्ती झालं असं कानावर आलं की नागपूरजवळच्या कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात तीन प्रश्न ठरलेले. नाव काय ठेवलं? घरातले देव काढले का? आणि तिसरा, आवाज खाली आणून: मिळालं किती? विचारणाऱ्यांचं सोडून देऊ. पण यातल्या बऱ्याच समजुती ज्यानं नुकता विश्वास धरला आहे त्याच्याही डोक्यात पक्क्या बसलेल्या असतात. त्यालाही वाटतं की एका रात्रीत सगळं बदलायचं असतं, आणि नाही बदललं तर आपला विश्वास कच्चा. म्हणून हे लेखन मुख्यतः त्याच्यासाठी.

‘नाव बदलावं लागतं’

नाही लागत. कवी रेव्हरंड टिळक बाप्तिस्म्यानंतरही नारायण वामनच राहिले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईच राहिल्या. एक नाव विष्णूचं, दुसरं विष्णुपत्नीचं; दोघांच्याही ख्रिस्तभक्तीत त्यानं काही कमी पडलं नाही. लेखक बाबा पदमनजींचंही तेच. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेताना ‘मेरी रमा’ असं नाव मिळालं, पण महाराष्ट्रानं त्यांना रमाबाईच म्हटलं. उलट नीळकंठशास्त्री गोरे नेहेम्या गोरे झाले. म्हणजे ज्याची त्याची निवड.

नव्या करारातच पाहा. पौलाचे सहकारी अपुल्लोस, एपफ्रदीत आणि फिबी ही नावं ग्रीक देवदेवतांवरून आलेली आहेत. त्यांना ती टाकायला कुणी सांगितल्याची नोंद नाही. कॅथलिक मंडळीत संताचं नाव जोडून घेण्याची रीत आहे, ती हौसेनं पाळावी. पण रेशनकार्डावरचं, सातबाऱ्यावरचं, आईनं हाक मारायचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही.

‘विश्वास धरला, आता लगेच पाण्यात’

या बाबतीत नागपूरचं उदाहरण हाताशी आहे. टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं काम करत होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांनी पुस्तक उघडलं ते वाचून संपवायचं म्हणून. डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले आणि मग सुटलेच नाहीत. तरी बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. मधला काळ वाचन, पत्रव्यवहार आणि घालमेल यांत गेला.

लक्ष्मीबाईंना त्याहून जास्त वेळ लागला. नवरा बाटला म्हणून त्या मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही आपलं सोवळं-ओवळं सांभाळत आल्या. ते कसं गळत गेलं हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलंय, आणि नव्या विश्वासणाऱ्याला द्यावं असं बायबलखालोखालचं मराठी पुस्तक मला तरी दुसरं सुचत नाही. त्यांचा बाप्तिस्मा टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. त्या पाच वर्षांत टिळकांनी त्यांच्यावर घाई लादली असती तर काय झालं असतं, याचा विचार घरच्यांच्या मागे लागणाऱ्या नव्या भावांनी जरूर करावा.

यावर कुणी प्रेषितांची कृत्ये पुढे करील. तिथे हबशी अधिकाऱ्याला फिलिप्पानं वाटेतच बाप्तिस्मा दिला, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला तर त्याच रात्री. खरं आहे. पण तो अधिकारी यरुशलेमहून उपासना करून परतत होता आणि रथात बसून यशया वाचत होता. त्याची तयारी आधीची होती. पुढे मंडळी वाढली तसा शिकवणीचा काळही वाढला. तिसऱ्या शतकातल्या रोमशी जोडल्या जाणाऱ्या एका जुन्या नियमग्रंथात तो तीन वर्षांचा सांगितलाय. आजही कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला काही महिने शिकवून साधारणपणे ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद एकत्र दिला जातो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक वर्ग घेतात: दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, प्रभुभोजनाचा अर्थ. आठवड्याभरात बाप्तिस्मा उरकून फोटो काढणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहावं. फोटो त्यांच्या कामाचा असतो, तुमच्या नाही.

‘बुडवून घेतला तोच खरा’

कुणी डोक्यावर पाणी ओततं, कुणी नदीत नाहीतर हौदात बुडवतं. यावरून नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण दोन प्रार्थनासभांना गेला की दोन उत्तरं मिळतात. या वादावरचा एक मोठा तोडगा कळमेश्वरपासून तासाभराच्या अंतरावर निघाला होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि समज आल्यावरच, तोही बुडवून, देणारे बाप्टिस्टही होते. दोन्ही पद्धती चालतील असं ठरवूनच ते एक झाले.

पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं केलेला उच्चार एवढं असलं की बहुतेक जुन्या मंडळ्या एकमेकींचा बाप्तिस्मा मानतात. कॅथलिक चर्चही असा बाप्तिस्मा पुन्हा देत नाही. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल परंपरेतल्या मंडळ्यांचं मत वेगळं आहे: लहानपणीचा त्या धरत नाहीत. कोणत्या मंडळीत राहायचं ते आधी ठरवा, मग हा प्रश्न आपोआप सुटतो. आधी बाप्तिस्मा आणि मग मंडळी शोधणं हा उलटा कारभार.

‘घरच्यांशी संबंध तोडावे लागतात’

खरी ठेच इथे लागते. कळमेश्वर तालुक्यातल्या घराला धापेवाड्याचा विठोबा चुकत नाही. आषाढीला तिथल्या चंद्रभागेकाठी अख्खं गोत जमतं, पाहुणे येतात, स्वयंपाक रांधला जातो. अशा वेळी नव्या ख्रिस्ती सुनेनं काय करायचं? दार लावून बसायचं?

पौलानं करिंथच्या मंडळीला जे लिहिलं (पहिलं पत्र, अध्याय ८ ते १०) ते जवळजवळ याच अडचणीवर आहे. करिंथच्या बाजारातलं मांस बरंचसं देवळातून आलेलं असायचं. पौलाचा सल्ला सरसकट नाही. देवळातल्या यज्ञभोजनात भाग घेऊ नका, असं तो बजावतो. पण विश्वास न धरणाऱ्यानं घरी जेवायला बोलावलं तर जा, पुढे येईल ते खा, खोदून विचारत बसू नका. कुणी मुद्दाम सांगितलंच की हे मूर्तीपुढचं आहे, तर त्याच्या मनाचा विचार करून थांबा. म्हणजे सासरी पोळ्या लाटायला, आलेल्या मावशीच्या पाया पडायला, पंगतीला वाढायला काहीच आडकाठी नाही. पूजेला बसणं निराळं. प्रसादाच्या बाबतीत मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत. शांतपणे ‘मी नाही घेत, काकू, राग नका मानू’ म्हणता येतं. एकदम नाही, पण सवयीनं जमतं.

कुंकू, साडी, मंगळसूत्र यांचंही असंच. कुंकवावर बायबलमध्ये एक ओळ नाही. काही मंडळ्यांत बायका ते लावत नाहीत, पण तो मंडळीचा रिवाज आहे. मंगळसूत्रात क्रूस ओवलेल्या कितीतरी मराठी बायका दिसतात. गाण्याबजावण्याचं तर विचारूच नका: टिळकांनी अभंग आणि भजनं रचली, ती आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात. त्याआधी १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते ओवीछंदात. परदेशी चालीवर गिटार वाजवली तरच उपासना होते हा समज अलीकडचा आणि मला विचाराल तर जरा दयनीयही.

‘बायबल पहिल्या पानापासून वाचायचं’

उत्साहानं उत्पत्तीपासून सुरुवात करतात, निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाची मापं येतात तिथे रेंगाळतात आणि लेवीयात पुस्तक मिटतं. बायबल म्हणजे छोटं ग्रंथालयच आहे, प्रोटेस्टंटांकडे ६६ पुस्तकांचं, कॅथलिकांकडे ७३. मार्कपासून सुरू करा. १६ अध्याय, सर्वांत लहान शुभवर्तमान, गोष्ट पळती. मग लूक, त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, रोज एखादं स्तोत्र. जुनी मराठी जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्यावं. त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळालाय आणि टिपांमुळे संदर्भ लागतात.

प्रार्थनेला पाळकच हवा असंही नाही. शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूनं शिकवलेली प्रार्थना मिनिटभरात म्हणून होते. बाकी आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याची सुटी रविवारी पडेलच असं नाही. त्यानं संध्याकाळची उपासना किंवा आठवड्यातली घरसभा धरावी, पण एकट्यानं यूट्यूबवर प्रवचनं ऐकून भागवू नये. प्रभुभोजन मोबाइलवर होत नाही.

‘विश्वास असेल तर औषध कशाला’

हा गैरसमज जिवावर बेततो, म्हणून स्पष्ट लिहितो. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असं याकोबाच्या पत्रात आहे. औषध बंद करावं असं कुठेही नाही. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. महाराष्ट्रातल्या मिशनऱ्यांनी तर दवाखाने काढले: मिरजेत डॉ. वॉनलेस यांचा, नागपुरात म्यूर मेमोरियल. साक्ष द्यायची म्हणून इन्सुलिन किंवा टीबीच्या गोळ्या सोडायला सांगणारा माणूस कोणत्याही पदावरचा असो, त्याचं ऐकू नये.

पैशाचंही उरकून टाकू. दशांश ही जुन्या करारातली व्यवस्था आहे. नव्या करारात पौल मनाने ठरवून आनंदानं द्या म्हणतो, कुरकुर करत किंवा दडपणाखाली नको. पावती आणि हिशेब मागणं हा अविश्वास नव्हे.

‘बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला, कागदाचं काम झालं’

इथे सर्वांत जास्त अज्ञान दिसतं, आणि हे कुठल्याही बाप्तिस्मावर्गात शिकवलं पाहिजे. धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसार करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम २५ मध्ये आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. स्वतःच्या इच्छेनं विश्वास धरणाऱ्याला आमिष, धाक, फसवणूक यांपासून दोन हात लांब राहण्याचं हे आणखी एक कारण. धर्मांतराबाबत राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवण्याची तरतूद केली, त्यावर कोर्टात वादही झाला. सीमेपलीकडच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या नातेवाइकांकडे जाऊन बाप्तिस्मा घेऊ म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं, आणि कुठेही असलो तरी तारीख धरण्याआधी लागू कायदा वकिलाकडून समजून घ्यावा.

अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही आहे. ख्रिस्ती झालेल्याला नाही. ‘जातीचा दाखला तर हातात आहे’ म्हणून तो वापरत राहणं गुन्ह्याकडे नेऊ शकतं. अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र असा धर्माशी बांधलेला नाही. वारसाहक्काचं वेगळंच: हिंदू उत्तराधिकार कायद्यानं धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा जात नाही, पण कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, वारसा उघडण्याच्या वेळी ती हिंदू नसतील तर. आणि हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोट मागण्याचं एक कारण आहे. तो हक्क धर्म न बदललेल्या जोडीदाराचा असतो, म्हणून नवरा किंवा बायको अजून तयार नसेल तर पाळकाआधी तिच्याशी, त्याच्याशी बोलणं भाग आहे.