कणकेत हिंग, बाटलीला तंगूस

मोंडा मार्केटमधून कुणी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, हिंगाची डबी आणि कापसाचं छोटं बंडल एकाच पिशवीत भरून निघालं, तर घरी भाकरीचा बेत नाही हे ओळखावं. त्यातून गाडी उत्तरेला वळली तर खात्रीच. सिकंदराबादहून चोवीस-पंचवीस किलोमीटरवर शामीरपेटचा तलाव आहे. आपल्याकडच्या कुठल्याही गोड्या पाण्याच्या तलावात कार्प घराण्यातली मंडळी हमखास भेटतात: रोहू, कटला, मृगळ आणि ज्याला आपण सायप्रिनस म्हणतो तो कॉमन कार्प. त्यांना गळाला लावायचं बहुतेक सामान किराणा दुकानात, भंगारात नाहीतर बांधावर मिळतं. काय घ्यायचं हे मात्र माशाच्या तोंडाकडे पाहून ठरवावं लागतं. म्हणून सुरुवात तोंडापासूनच करू.

दात आहेत, पण घशात

सायप्रिनसच्या जबड्यात एकही दात नसतो. बोट घाला, काही होत नाही. दात असतात घशात, आणि तेही चांगले दाढांसारखे. शिंपले आणि टणक दाणे तो तिथे भरडतो. पुढची गंमत अशी की या माशाला जठरच नाही. घास घशातून थेट आतड्यात. त्यामुळे एकदा पोटभर जेवून स्वस्थ बसणं त्याला जमत नाही, दिवसभर थोडं थोडं टिपत राहावं लागतं. आपल्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: चारा थोडा टाका, पण पुन्हा पुन्हा टाका. तलावात किलोभर पेंड एकदम ओतणारे लोक पाहिले की मला राहवत नाही, मी जाऊन सांगतो.

ओठांच्या कडेला त्याला मिशांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांनी तो चव घेतो. गढूळ पाण्यातही तळाच्या चिखलात काय खाण्यासारखं आहे, ते त्याला तोंडात घेण्याआधी कळतं.

पाण्याची तीन मजली चाळ

कटला राहतो वरच्या मजल्यावर. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, मिशा नसतात आणि खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. रोहूचा मुक्काम मधे, ओठ झालरीसारखे. तळमजल्याला मृगळ आणि सायप्रिनस. सायप्रिनसला तेलुगूत ‘बंगारु तीग’ म्हणतात, सोन्याची वेल. पहाटेच्या तिरप्या उन्हात तो पाण्याबाहेर येतो तेव्हा हे नाव किती चपखल आहे ते दिसतं.

तरंगा दोरीवर किती वर बांधायचा, याचं गणित इथे सुटतं. कटल्यासाठी गळ उथळ ठेवा आणि पीठ असं मळा की पाण्यात पडताच भुरभुर सुटून ढग होईल. सायप्रिनससाठी गळ तळाला टेकवा आणि गोळी घट्ट ठेवा. कटल्याच्या पाण्यात घट्ट गोळी तळाला बसवून दिवसभर वाट पाहणाऱ्याचं नशीब खराब नसतं, मजला चुकलेला असतो.

राजाने लिहिलेलं प्रकरण

हैदराबादहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिदर जिल्ह्यात बसवकल्याण येतं. आजही तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. हीच कल्याणी, चालुक्यांची राजधानी. इथे ११२६ ते ११३८ या काळात तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. त्याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शंभर अध्यायांचा आहे, वीस-वीसचे पाच भाग. स्वयंपाक, हत्ती, रत्नं, संगीत, कुस्ती, सगळं त्यात आहे. आणि राजाच्या करमणुकींच्या भागात आहे ‘मत्स्यविनोद’, म्हणजे गळाने मासे धरण्यावरचं प्रकरण.

त्याची मांडणी पाहून मी थक्क झालो. आधी माशांची वर्गवारी: समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते. अशा पस्तीसच्या आसपास जाती. मग कोणत्या माशाला काय चारून पुष्ट करायचं. गळाची पाळी त्यानंतर. आज कुठल्याही तलावावरचा मुरलेला माणूस नवख्याला याच क्रमाने शिकवतो, आधी मासा, मग चारा, मग काठी. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाला हे ठाऊक होतं, कारण त्याने पाण्याकडे नीट पाहिलं होतं.

आधुनिक वाचकांपुढे हे प्रकरण आणलं ते सुंदरलाल होरा यांनी. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक आणि माशांचे मोठे अभ्यासक. १९५१ साली त्यांनी ‘मत्स्यविनोदा’वर निबंध लिहिला आणि राजाने सांगितलेले मासे आजच्या कोणत्या जाती असतील ते जुळवून पाहिलं.

मराठी माणसासाठी यात आणखी एक आनंदाची गोष्ट आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शके १०५१ च्या याच ग्रंथाचं नाव येतं, कारण त्यातल्या संगीताच्या भागात जुन्या मराठीतल्या ओळी सापडतात. त्या आहेत विष्णूच्या अवतारांच्या स्तुतीच्या, आणि त्यात मत्स्यावतार आहेच.

पाव आणि मका

इंग्लंडात कार्पची शिकार म्हणजे निम्मं शास्त्र आणि निम्मी भक्ती. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे वीस किलोचा कार्प धरला आणि विक्रम केला. मासा जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला. गळाला होता पाव. तो विक्रम १९८० मध्ये त्याच तळ्यात ख्रिस येट्स यांनी मोडला, ५१ पौंडांवर. गळाला होते मक्याचे दाणे. म्हणून दुकानदार परदेशी सुगंधी चाऱ्याची बाटली पुढे करतो तेव्हा मी आधी घरातला पाव काढतो.

गोळी मळण्याची रीत

कणीक किंवा ज्वारीचं पीठ, निम्म्याला निम्मी भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड, गुळाचा खडा, चिमूटभर हिंग. पाणी बेताने घालायचं. पोळीच्या कणकेपेक्षा गोळा घट्ट हवा. मग बोटभर कापूस पिंजून त्यात मळायचा. त्याचे तंतू पीठ धरून ठेवतात, आणि गळ फेकताना गोळी हवेतच सुटून जात नाही. ही युक्ती आपली वाटते, पण आयझॅक वॉल्टन यांनी १६५३ च्या आपल्या पुस्तकात कार्पसाठी मध घातलेला लगदा आणि त्यात लोकर मिसळायला सांगितली आहे.

गोळी जमली का ते घरीच पाहावं. पेल्यातल्या पाण्यात टाका. लगेच विरघळली तर कटल्याला चालेल. दहा मिनिटं टिकून मग हळूहळू सुटायला लागली तर सायप्रिनसची तयारी झाली. हिंग जास्त पडला तर गोळा फुकट जातो, डबी उघडताना हात आवरावा.

बाटलीचं रीळ

काठी नाही, रीळ नाही, तरी चाळीस हात लांब गळ जातो. गोल प्लास्टिकची बाटली घ्या. बुडाकडच्या निम्म्या भागावर तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ओळीने, सैल न ठेवता गुंडाळा. डाव्या मुठीत बाटलीची मान, बूड पाण्याकडे. उजव्या हाताने वजन दोनदा झुलवून सोडा. बाटली फिरत नाही. तंगुसाचे वेढेच बुडावरून एकामागून एक सुटतात. तलावाकाठची पोरं हे इतक्या सहज करतात की पाहत राहावं.

आता पुढचं ऐका. दुकानातलं महागडं स्पिनिंग रीळ नेमकं याच तत्त्वावर चालतं. चकरी स्थिर, दोरी तिच्या कडेवरून सुटते. त्याचं पेटंट १९०५ मध्ये अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतलं. हे यॉर्कशायरच्या ब्रॅडफर्डचे, कापडगिरण्यांच्या व्यवसायातले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत असंच सुटतं.

मारुतीची रुई, नवरदेवाचं बाशिंग

नायलॉन आलं १९३० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी आपल्याकडे रुईच्या खोडातला धागा गळाच्या दोरीला आणि जाळ्याला वापरत, धनुष्याच्या दोरीलाही. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच ही रुई.

तरंग्यासाठी भेंड. पाणथळीत उगवणाऱ्या या झाडाचा गाभा पांढरा आणि वजनाला जवळजवळ नाहीच. बाशिंगं त्याची होत, आणि सिकंदराबादच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या उन्हाच्या टोप्याही त्याच्याच. नाजूक चावा ओळखायचा तर मोरपिसाची दांडी सर्वांत सरस: आत भुसभुशीत गाभा, वरून चकाकी, पाणी शोषत नाही. पीस गळून पडलेलंच घ्यायचं. मोराला कायद्याचं संरक्षण आहे.

केसाने गळा

१९७० च्या दशकाच्या शेवटी लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांच्या लक्षात आलं की कार्प दाणा ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि संशय आला की फुंकून टाकतो. त्यांनी दाणा गळात खुपसायचं सोडून दिलं. गळाच्या खाली माणसाचा केस बांधला आणि दाणा त्या केसाला. गळ रिकामा राहिला, दाणा मोकळा हलू लागला, माशाने ओढला की गळही मागोमाग आत. कार्पच्या शिकारीचं सारं जग या केसाने बदललं.

आपल्याकडे स्प्रिंगभोवती पिठाचा गोळा दाबतात आणि बाजूने चार-सहा गळ मोकळे लोंबते सोडतात. मासा गोळ्याचं पीठ ओढतो आणि त्याबरोबर एक गळ आत जातो. तत्त्व केसाचंच. पण सहा गळ मला पटत नाहीत. एक तोंडात लागतो, दुसरा डोळ्याजवळ किंवा पोटात रुततो आणि मासा विनाकारण फाटतो. दोन पुरतात. त्यांचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला तर लहान मासा सोडताना जखमही कमी होते.

स्पार्क प्लगला दुसरा जन्म

सिकंदराबादच्या राणीगंजात नट-बोल्ट मिळतात, आणि ते वजन म्हणून चालतात. पण तलावावरचं लाडकं वजन म्हणजे गॅरेजमधून फुकट आणलेला जुना स्पार्क प्लग. जड आहे, दोरी बांधायला खाच आहे, दगडात अडकून तुटला तरी हळहळ नाही. शिसं टाळलं हे त्यात विशेष चांगलं. इंग्लंडात गळाचं शिसं गिळून हंस मरू लागले तेव्हा १९८७ मध्ये शिशाच्या वजनांवर बंधनं आली. आपल्याकडेही पाणबदकं तसंच चिखलातलं अन्न उपसतात.

गळाचे उलटे नंबर

१६ नंबरचा गळ १० नंबरपेक्षा लहान. एकपर्यंत आकडा उतरतो तसा गळ वाढत जातो. मग एकावर शून्य, दोनावर शून्य असे आकडे चढतात आणि गळ आणखी मोठा होतो. दुकानात मोठा आकडा मागितला की हातात मुंगीएवढा गळ पडतो तो यामुळे.

तलावात रोहू आला कुठून

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे वाहत्या नदीचे. पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तलावात घालत नाहीत. पूर्वी नदीतलं बीज गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पचं प्रजनन घडवलं. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. तेलंगणा सरकार २०१६ पासून तलावांत जी मत्स्यबीजं मोफत सोडतं, त्यामागे ही सुई आहे. सायप्रिनसला तिची गरज नाही; तो तलावातल्या शेवाळ्यालाच अंडी चिकटवतो.

ही बीजं मासेमारांच्या सहकारी संस्थांच्या पोटापाण्याची आहेत. गळ टाकण्याआधी तिथल्या माणसांना विचारावं. विचारलं की बहुतेक वेळा हसून जागा दाखवतात, आणि कालपासून कुठल्या कोपऱ्यात बुडबुडे येताहेत तेही सांगतात.

जूनचा मासा

मृगाच्या सुरुवातीला, ७-८ जूनच्या सुमारास, हैदराबादेत मासा खायची प्रथा आहे. त्याच दिवशी बत्तिनी कुटुंब दमेकऱ्यांना जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात औषध घालून ते गिळायला देतं. वैद्यकशास्त्राने त्याला दुजोरा दिलेला नाही, तरी रांगा लागतात. मरळ हा तेलंगणाचा राज्यमासा. तो कार्प नाही. हवेतला श्वास घेतो आणि शिकार करून खातो. कणकेच्या गोळीकडे तो फिरकत नाही, त्याला बेडूक हवा.

पाय वाजवू नका

कार्पच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते. पिशवी थरथरली की कानाला कळतं. काठावर गप्पा मारल्या तर फारसं बिघडत नाही, पण टणक बांधावरून धप्प उडी मारली की जवळचा मासा निघून जातो.

तरंगा काय सांगतो

तरंगा थरथरतो आहे, बुडत नाही: लहान चिलापी पीठ टोचताहेत, थांबा. तरंगा तिरका होऊन एका दिशेला चालू लागला: रोहू असेल, दोन हात जाऊ द्या. बुडबुड्यांची ओळ तळातून वर येत गळाकडे सरकते आहे: सायप्रिनस चिखल उकरत येतोय, काठीवर हात ठेवा. आणि ताठ उभा असलेला तरंगा एकदम वर येऊन पाण्यावर आडवा पडला, तर दोरी तुटली समजून बरेच जण पाहत बसतात. तसं नसतं. तळाच्या माशाने गोळी उचलली, तिच्याबरोबर वजनही उचललं गेलं आणि तरंग्याला खाली धरणारं काही उरलं नाही. हाच क्षण आहे, ओढा!