तगराच्या वेशींत शिरतांना



ढालतलवार घेतलेला मावळा ओळखावयास आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. दिवाळींतील किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांनीं तो लहानपणींच आपल्या परिचयाचा होतो. पुढें बाबासाहेब पुरंदरे यांनीं १९८५ सालीं हत्तीघोड्यांसह ‘जाणता राजा’ हें महानाट्य उभें केलें आणि शिवकाल नटून दाखविण्याची एक रीतच पडून गेली. आतां समजा, धाराशिव जिल्ह्यांतील अशा हौशी मंडळींनीं नळदुर्गाचा कोट मागें ठेवून तेरणेच्या कांठच्या तेर गांवीं दोन हजार वर्षांपूर्वींचा काळ उभा करावयाचें ठरविलें, तर त्यांनीं कोणत्या वाटेनें जावें?

तेर म्हणजेच प्राचीन तगर, हें फ्लीट या संशोधकानें १९०१ सालीं दाखवून दिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें मोठें नगर असल्याचें लिहिलें आहे. येथील जाडेंभरडें कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून, भडोचच्या बंदरास जात असे. तेव्हां या खेळाचा नायक राजा नसून विणकर आणि गाडीवान आहे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

पहिलें काम वजाबाकीचें. तोफ आणि बंदूक तर जावीच. पण शिदोरींतली मिरची, मक्याचें कणीस आणि तंबाखूची चंचीही काढावी लागेल, कारण या वस्तू पोर्तुगीज आल्यानंतरच्या आहेत. ‘मुजरा’, ‘हुजूर’, ‘सरकार’ हे फारसीच्या वाटेनें आलेले शब्दही त्यांबरोबरच जातील. नाणेघाटाचा सातवाहन लेख प्राकृतांत आहे. म्हणून पात्रांनीं उसनें भारदस्त संस्कृत न बोलतां साधें मराठीच बोलावें, हें अधिक प्रामाणिक.

दुसरें काम पुराव्याचें. कार्ले व भाजे येथील शिल्पांतील पुरुष अंगरखा घालीत नाहींत. कमरेस वस्त्र, डोक्यास मोठ्या गांठीचें पागोटें आणि अंगावर अलंकार, एवढाच त्यांचा थाट. तेरचें भांडार तर याहून जवळचें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जन्मभर वेंचून जमविलेल्या वस्तूंचें तेथें आज शासकीय संग्रहालय आहे. दोन सांच्यांतून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्तींवर केशरचना आणि दागिने बारकाईनें पाहावयास मिळतात. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभेल अशी मूर्ति इटलींतील पाँपेई येथें सांपडली; तें नगर सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गेलें होतें. ज्या गांवीं पुढें संत गोरा कुंभार झाले, त्या गांवच्या मातीनेंच आपला जुना वेष जपून ठेवावा, हा योग मोठा मनोहर आहे.

मात्र येथेंच खरी अडचण आहे. मूर्तींत दिसतात त्या बहुधा सालंकृत स्त्रिया. ज्याच्या कापडावर तगराचें नांव परदेशीं गेलें त्या विणकराची आणि तें कापड वाहणाऱ्या गाडीवानाची मूर्ति कोण घडविणार? आणि कापड तर मातींत सहसा टिकत नाहीं. अशा ठिकाणीं कल्पनेची जरतारी चढविण्यापेक्षां साधें, हातानें विणलेलें, न शिवलेलें वस्त्र द्यावें; आणि हा भाग अनुमानाचा आहे, हें सूत्रधाराकरवीं प्रेक्षकांस मोकळेपणानें सांगावें.

एवढा काटेकोरपणा कशासाठीं, असें कोणी विचारील. ग्रंथांतील चूक दुसरा ग्रंथ दुरुस्त करतो. परंतु लहान मुलानें डोळ्यांनीं पाहिलेला वेष जन्मभर पुसला जात नाहीं. तगराच्या विणकराचें चित्र अजून कोणाच्याच मनांत नाहीं. तें पहिल्यानें रेखाटण्याचा मान ज्यांस मिळेल, त्यांच्यावर तें खरें रेखाटण्याची जबाबदारीही येते. शिवकाल सजविणाऱ्या हातांनीं ती उचलावी, आणि आरंभ तेरच्या संग्रहालयांतील एका निवांत दुपारीनें करावा.