नाबाद ४५१ चा आलेख

धावफलकातून सरासरी, मध्यक आणि स्तंभालेख हे तिन्ही घटक शिकवता येतात. जालन्याच्या विजय झोलने २०११-१२ च्या हंगामात १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध ४६७ चेंडूंत नाबाद ४५१ धावा केल्या. म्हणजे शंभर चेंडूंमागे ९६.६ धावा. खरी गंमत पुढेच आहे. समजा, एखाद्या फलंदाजाचे पाच डाव १२, २०, २५, ३१ आणि ४५१ असे आहेत. सरासरी १०७.८, मध्यक मात्र अवघा २५! स्तंभालेखात १ सेंमी = ५० धावा हे प्रमाण घेतले, तर शेवटचा स्तंभ नऊ सेंटिमीटरचा होतो आणि बाकीचे चार एक सेंटिमीटरही गाठत नाहीत. (क्रिकेटमध्ये नाबाद डाव भाजकात धरत नाहीत. शेवटचा डाव नाबाद असेल, तर सरासरी थेट १३४.७५ होते.) अशा आकड्यांत मध्यकावरच भरवसा ठेवावा.