आधी कांदा, मग खोका

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी एक पेनस्टँड केलेला असतो. आइस्क्रीमच्या काड्या नाहीतर पुठ्ठ्याची नळी, वर चमकी, कडेनं सॅटिनची फीत. गुण मिळतात, घरी कौतुक होतं आणि काही महिन्यांत बूड सुटून तो कपाटामागे जातो. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या नावाखाली मोठेपणी आपण जे करतो, त्यातलंही बरंचसं याच वाटेनं जातं. कारण सुरुवात नेहमी टाकाऊपासून होते: ही बाटली रिकामी आहे, हिचं काय करू? साठवणीच्या वस्तूला ही सुरुवात मानवत नाही. कांदे ठेवायचे आहेत, लोणचं ठेवायचं आहे की थंडी सरल्यावर स्वेटर, हे आधी ठरवावं. त्या वस्तूला वारा हवा की नको, उजेड चालतो का, तिचं वजन किती, एवढं कळलं की कोणतं भंगार हाताशी घ्यायचं ते फार शोधावं लागत नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडवर तर शोधायचीच गरज नाही. अशोक स्तंभापासून निघून जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वर करत हा रस्ता धरणाकडे जातो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम, त्यामुळे फळविक्रेत्यांमागे पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत. पुढे गिरणारे परिसर टोमॅटोचा, म्हणून वीस किलोची प्लास्टिकची कॅरेटं. वाइनरीही याच बाजूला, त्यामुळे बारा खणांची खोकी. शिवाय दारोदार येणारी ऑनलाइन पार्सलं आहेतच. आणि ज्या फ्लॅटांमध्ये ही येतात तिथे कोनाडा नाही, फडताळ नाही, माळा असलाच तर तो आधीच भरलेला. म्हणजे सामानही आहे आणि गरजही.

साठवणीचं शास्त्र नाशिककरानं बाहेरून आणायचं कारण नाही. ते जिल्ह्यात शेतोशेती उभं आहे. उन्हाळ कांदा काढला, सुकवला की तो कांदाचाळीत जातो आणि पावसाळा काढून दिवाळीच्या आसपासपर्यंत थोडा थोडा बाजारात येतो. चाळीची रचना नीट पाहावी. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालूनही हवा शिरेल अशा फटी ठेवलेला. बाजू बांबूच्या किंवा जाळीच्या. कप्पा साधारण चार फूट रुंद आणि कांद्याचा थर चार-पाच फुटांवर जाऊ द्यायचा नाही. असं का? काढलेला कांदाही श्वास घेत असतो, ओल आणि ऊब सोडत असतो. ती बाहेर पडली नाही की ढिगाच्या पोटातला कांदा आधी सडतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो. आपण मात्र पाच किलो कांदा आणतो आणि ओट्याखालच्या बंद कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीसकट सारून देतो.

घरातली चाळ करायला एक जुनं कॅरेट आणि दोन विटा पुरतात. कॅरेट विटांवर ठेवायचं, बाल्कनीत ठेवलं तर पावसाच्या झडीपासून आणि थेट उन्हापासून लांब. कांदे दोन-तीन थरांपेक्षा जास्त नकोत. एकावर एक दोन कॅरेटं रचली तरी जाळीच्या बाजूंमुळे वारा खेळत राहतो. बटाटा मात्र यात टाकू नये. त्यालाही वारा लागतो, पण उजेड चालत नाही. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. त्याच्यासाठी द्राक्षाचं खोकं नेमकं आहे: बाजूला हवेची भोकं, वर झाकण, आत अंधार. निर्यातीचं खोकं मिळालं तर आतला कागदी पॅड आधी काढून टाकावा. द्राक्षाला बुरशी लागू नये म्हणून तो सल्फर डायऑक्साइड सोडत असतो, घरातल्या भाजीशेजारी त्याचं काम नाही. आणि कॅरेटांबद्दल एक सूचना: बाजारात रचलेली कॅरेटं बेवारस नसतात, ती व्यापाऱ्यांची किंवा शेतकऱ्यांची असतात. कान तुटलेली, तडा गेलेली भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात. घरच्या कामाला तीच घ्यावीत.

आता पुठ्ठा. नालीदार कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं, ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये अल्बर्ट जोन्स या अमेरिकनानं तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला वापरला. गुळगुळीत दोन कागदांच्या मधली ही नागमोडी घडी हीच खोक्याची सगळी ताकद. नाल्या उभ्या असतील तर प्रत्येक नाली छोट्या खांबासारखी वजन पेलते. आडव्या असतील तर पुठ्ठा हातानंही दबतो. घरी केलेले पुठ्ठ्याचे कप्पे मधोमध खचतात ते बहुतेकदा यामुळेच. कापण्याआधी कडेकडून पाहावं, नाल्या कुठल्या दिशेनं जातात ते लगेच दिसतं. उभ्या भिंतीत नाल्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या फळीसाठी दोन-तीन थर चिकटवावेत आणि मधल्या थराच्या नाल्या वरखालच्या थरांना काटकोनात याव्यात. अशा फळीवर वह्या-पुस्तकं निर्धास्त ठेवता येतात.

वाइनच्या खोक्यात हे काम कारखान्यानंच करून ठेवलेलं असतं. आडव्याउभ्या पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेले बारा खण, प्रत्येकात ७५० मिलीची भरलेली बाटली सांभाळण्याएवढे मजबूत. खोकं आडवं टाकून भिंतीशी लावलं की मोजे, गुंडाळलेले रुमाल, मुलांचे चार्ट, छत्र्या यांना घर मिळतं. त्यावर रंगीत कागद चिकटवायचा मोह आवरला तर उत्तम, कारण वर्षादोन वर्षांनी हे खोकं जाणारच आहे आणि कोऱ्या पुठ्ठ्याला रद्दीवाला पैसे देतो.

पुठ्ठ्याचे शत्रू दोन, ओल आणि झुरळ. दमट हवेत त्याची ताकद झपाट्यानं उतरते, म्हणून आषाढ-श्रावणात पुठ्ठ्याच्या कप्प्यावर पितळेची भांडी चढवू नयेत. झुरळांना नाल्यांसारखी जागा सापडत नाही. अंधार, ऊब, वर चिकटवायला वापरलेली कणकेची खळ. बाइंडिंग करणारे खळीत मोरचूद घालत ते याच जाचामुळे. मोरचूद विषारी असल्यानं स्वयंपाकघराच्या वस्तूला ते वापरू नये. तिथे मुळात खळीनं चिकटवलेला पुठ्ठाच नको.

जुन्या घरांमधून एक वस्तू जवळजवळ गेली, ती मला या सगळ्यांत सरस वाटते: कागदाच्या लगद्याची टोपली. ज्यांच्या आजीनं ती केली असेल त्यांना मेथीचा वास आठवेल. रद्दीचे बारीक तुकडे करून दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. मग पिळून खलबत्त्यात कुटायचे. आता मिक्सर आहे, पण थोडं थोडं आणि भरपूर पाणी घालून, नाहीतर मोटर जळते. मूठभर मेथ्या रात्रभर भिजवून वाटायच्या आणि लगद्यात कणकेसारख्या मळून घ्यायच्या. मेथीतला चिकट डिंक, ज्याला रसायनशास्त्र गॅलॅक्टोमॅनन म्हणतं, तो कागदाचे तंतू धरून ठेवतो. बाजारचा गोंद लागत नाही. कडू चवीमुळे कीडही लवकर लागत नाही, असा बायकांचा अनुभव.

पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं पसरायचं आणि लगदा हातानं थापत जायचं. जाडी सगळीकडे सारखी हवी. बूड जाड आणि कड पातळ झाली की वाळताना कड फाटते. पहिल्या दिवशी थोडं सावलीत, मग कडक उन्हात. अर्धवट वाळल्यावर हलक्या हातानं पातेल्यावरून सोडवून घ्यायची, कारण लगदा आकसतो आणि पूर्ण वाळेपर्यंत वाट पाहिली तर तो पातेल्याला आवळून बसतो. सोडवल्यावर आतून ऊन लागू द्यायचं. वरून गेरू किंवा जुन्या सुती साडीचे तुकडे खळीनं लावले की टोपली वर्षानुवर्षं टिकते. हे काम वाळवणाच्याच दिवसांतलं, एप्रिल-मेमधलं. मृगाच्या तोंडावर घातलेली टोपली वाळण्याआधी बुरशीनं काळी पडते.

पूर्वी अशा टोपल्यांत कुरडया, सांडगे, धान्य सगळं ठेवत. आज छापील कागदाच्या शाईशी अन्नाचा थेट संबंध येऊ देऊ नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं बजावलं होतं. त्यामुळे आत कापडी अस्तर घालावं आणि टोपली लसूण, सुटे दोरे, औषधांच्या पट्ट्या, चाव्या यांच्यासाठी ठेवावी. लसूण सालीसकट असतो, त्याला कोरडेपणा आवडतो, तो तिथे छान राहतो.

डबे-बाटल्यांबद्दल फार सांगायला नको. १९३७ साली डालडा आला तेव्हापासून रिकाम्या डब्यात रवा-पोहे भरायला आणि तुळस लावायला कुणी कुणाला शिकवलेलं नाही. तेलाचा पंधरा किलोचा डबा धान्याला चांगला. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून खवट वास जाईपर्यंत धुवावा, कापलेली कड आत दुमडून ठोकून घ्यावी. लोणच्याला जॅमची काचेची बरणी चालते, पण तिचं पत्र्याचं झाकण नाही. मीठ आणि आंबट मिळून ते गंजवतात. झाकण फेकावं आणि जुन्या धोतराचा दादरा बांधावा. थंड पेयांच्या प्लास्टिक बाटलीचं आटीसकट गळ्याजवळचं तोंड कापून घेतलं तर ते कुठल्याही पिशवीचं झाकण होतं: पिशवीचं तोंड त्यातून वर काढायचं, बाहेर दुमडायचं, वरून बूच फिरवायचं. सादळणाऱ्या फरसाणाला याहून स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात नाही.

चमकी, थर्माकोल आणि गरम गोंद यांच्याबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. बाटलीवर कापड, कापडावर गोंद, गोंदावर मणी असं चढवलं की ती बाटली ना भंगारवाला घेतो ना पुन्हा वितळवता येते. साधी राहिली असती तर तिला भाव होता. शिवलेलं, ओवलेलं, अडकवलेलं उसवता येतं. खोकी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेल्या टोपल्या रस्त्याकडेला विकायला असतात, त्या पाहाव्यात. एक थेंब गोंद नसतो, भाजी धुऊन तशीच निथळत ठेवता येते. एखादी पट्टी तुटली तर तेवढीच काढून दुसरी ओवायची.